विहिरीचं पाणी मचूळ होतंय : वसईचा पश्चिम पट्टा, बावखळं आणि समुद्र

वाडीकर

अर्नाळ्यापासून खाली रानगाव-भुईगावपर्यंत वसईच्या किनाऱ्याला लागून जी गावं आहेत, त्यांतल्या एका गावात आमची वाडी आहे. विहीर आजोबांच्या वेळची, दगडी बांधणीची. एके काळी रहाट होता, आता मोटर आहे. पाणी कायम गोडं. गेल्या काही वर्षांत मात्र होळी झाली की चव पालटते. आधी स्वयंपाकघरात कळतं. तूरडाळीला कितीही शिट्ट्या काढा, दाणा दाताखाली येतोच. साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या आत पांढरी पुटं धरतात. मग वाडीत कळायला लागतं. राजेळी केळीच्या जुन्या पानांच्या कडा करपून तपकिरी होतात आणि करपा देठाकडे सरकत जातो. नारळाला काही होत नाही, तो सोसतो. केळ, वाल आणि पानवेल यांना सोसत नाही.

हा धागा काढायचं कारण म्हणजे शेजारच्या वाडीत आता २०० फुटांचं बोअर मारायचं ठरतंय. सांगणारा म्हणतो, वरचं पाणी खराब झालंय, खालचं चांगलं आहे. मला हे धोक्याचं वाटतं. का वाटतं ते लिहितो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे सांगावं.

आपल्या पट्ट्याच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी. तीन बाजूंनी खारं पाणी. मधल्या जमिनीत जे गोडं पाणी आहे ते सगळं पावसाचं, वरून मुरलेलं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्यामुळे आमटीवर तेलाचा तवंग असावा तसं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. बादोन खायबेन नावाचे डच लष्करी अभियंते आणि हेर्झबर्ग नावाचे जर्मन अभियंते, या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे याचा हिशोब मांडला. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर त्याखाली सुमारे ४० मीटर जाडीचं गोडं पाणी उभं राहू शकतं.

याची दुसरी बाजू फार वाईट आहे. मोटरी लावून ती पातळी अर्ध्या मीटरने खाली आणली, तर खारं पाणी कालांतराने २० मीटर वर येऊ शकतं. प्रत्यक्षात एवढं काटेकोर घडत नाही. मध्ये चिकणमातीचे थर असतात, दोन्ही पाण्यांच्या मध्ये मिसळीचा पट्टा असतो, वेळही लागतो. पण दिशा हीच. आणि जिथे उपसा होतो, नेमकं तिथेच खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. म्हणजे बोअर जितकं खोल, तितकं आपण होऊन त्याच्या तोंडाशी गेल्यासारखं.

मिसळही किती थोडी पुरते बघा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास असतं. विहिरीत शंभर भागांत दोन भाग समुद्राचं पाणी आलं तरी क्लोराइड लिटरला ३८० मिलिग्रॅमने वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) योग्य मर्यादा २५० आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १०००. पाच भाग मिसळले की हजाराच्या दारात.

आता बावखळांबद्दल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखळ म्हणजे वाडीतलं खोदीव तळं. तळ बांधलेला नाही, कडेला झाडं, पावसात काठोकाठ भरायचं, त्यावर शिंपणं चालायचं आणि आजूबाजूच्या विहिरींना पाझर मिळायचा. आमच्या लहानपणी दर दोन-चार वाड्यांमागे एक असायचं. त्यांतली कितीतरी भराव टाकून बुजवली गेली. जागेला भाव आला, आणि नळ आल्यावर तळ्याची गरज काय, असं लोकांना वाटलं. माझं म्हणणं एवढंच की वरून पाणी भरणं कमी झालं आणि खालून उपसा वाढला. समुद्र होता तिथेच आहे, त्याला थोपवून धरणारं गोडं पाणी आपण काढून घेतलं.


रसायनमास्तर

चांगला धागा. डाळ न शिजण्याबद्दल सांगतो, कारण लोक विचारतात की मीठ वाढलं तर पाणी जड कसं होतं. खारं पाणी जमिनीत नव्याने शिरतं तेव्हा त्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटतं आणि त्या कणांवरचं कॅल्शियम सुटून पाण्यात येतं. त्यामुळे खारेपणाच्या जोडीने जडपणाही वाढतो. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातली तक्रार ही खारं पाणी पुढे सरकत असल्याची खूण असू शकते.

पण निष्कर्ष काढायच्या आधी तपासणी करा. प्रत्येक मचूळ विहीर समुद्रामुळेच बिघडते असं नाही. शोषखड्डे आणि उघडी गटारं यांमुळेही क्लोराइड वाढतं. म्हणून क्लोराइडबरोबर नायट्रेट तपासून घ्या, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. दोन्ही वाढलेली असतील तर सांडपाण्याचा संशय धरा. नायट्रेट कमी आणि क्लोराइड, सोडियम भरपूर असेल, तर समुद्राकडे बघा. बायकार्बोनेटच्या तुलनेत क्लोराइड किती, हेही प्रयोगशाळेला विचारा. चांगल्या गोड्या भूजलात बायकार्बोनेटचं पारडं जड असतं, समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचं.

शाळेत आम्ही मुलांकडून एक प्रयोग करून घेतो. परीक्षानळीत पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. चांगल्या विहिरीच्या पाण्यात हलकं दुधी धुकं दिसतं. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी असेल तर दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा साका तळाशी बसतो. मुलं आपापल्या घरच्या बाटल्या आणतात आणि नळ्या ओळीने लावल्या की गावाचा नकाशाच समोर उभा राहतो.


खारेपाटची लेक

आमच्या पेण-अलिबागच्या खारेपाटात खारं पाणी खालून कमी आणि वरून जास्त येतं, म्हणून वेगळं लिहिते. आमची भातखाचरं बांधावर तगलेली. खारबांधाला खांड पडली आणि वेळेत बुजवली नाही, की उधाणाचं पाणी थेट शेतात. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीची, दारं कुजली तरी तेच. एका अमावस्येच्या उधाणात शिरलेलं पाणी पुढच्या दोन-तीन पावसांत धुऊन निघालं तर निघालं, नाहीतर शेत पडीक. पडीक शेतावर खारफुटी उगवते आणि मग तो बांध पुन्हा घालणं आणखी अवघड होतं.

पूर्वी गावकी बांध राखायची. दर घरटी माणूस कामाला. आता सगळे सरकारी दुरुस्तीची वाट बघतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारं सोसणारी भाताची वाणं काढली, पनवेल-१, २, ३. त्यांनी पुष्कळ घरांना हात दिला, पण बियाणं बांधाची जागा घेऊ शकत नाही. पिण्याच्या पाण्याचं तर विचारूच नका. भाताच्या समुद्रात बसलेली गावं आणि उन्हाळ्यात हंडे टँकरच्या रांगेत.


बोअरवाला भाऊ

मी या धंद्यात आहे म्हणून लिहितोय. सरसकट बोअरला दोष देऊ नका. खाडीकाठी कित्येकदा वरचा गाळाचा थर खारा असतो आणि खाली काळ्या पाषाणातल्या भेगांत गोडं पाणी लागतं. वरचा थर केसिंगने (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाने) नीट बंद केला तर ते पाणी चांगलं राहतं. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराच्या बाजूला तर प्रश्नच नाही, डोंगराचं पाणी आहे.


वाडीकर

भाऊ, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत हे बरं झालं. डोंगराच्या पायथ्याचं म्हणणं मान्य. तिथे पातळी समुद्रसपाटीपेक्षा चांगली वर आहे आणि मागून पाझर आहे. गाळाखालच्या गोड्या पाण्याचंही मान्य. पण आमच्या किनाऱ्याच्या पट्ट्यात ती भेग कुठे उघडते, डोंगराकडे की समुद्राकडे, हे मारायच्या आधी कोण सांगणार? पहिल्या वर्षी पाणी गोडं लागतं, कारण भेगेत साठलेलं जुनं पाणी असतं. ते उपसलं की जागा भरायला जे जवळ असेल ते येतं. आणि बोअर खारं झालं म्हणून सोडून दिलं, तोंड तसंच उघडं ठेवलं, तर खालचं खारं पाणी त्याच नळीतून वरच्या गोड्या थरात मिसळत राहतं. तुमच्याकडून एकच मागणं आहे. खारं लागलेलं बोअर तळापासून सिमेंटने भरून बंद करायचं, हे गिऱ्हाइकाला तुम्हीच सांगा. तुमचं तो ऐकेल.


बोअरवाला भाऊ

बंद करायचे पैसे कोणी देत नाही, ही अडचण आहे. पण सांगत जाईन. वाडीत उथळ रुंद विहीरच बरी, हे मीही सांगतो लोकांना. तिच्यात वरवरचं पाणी जमतं.


मालवणचो

आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं उदाहरण इथे चपखल बसतं. चहूकडे समुद्र, कुरटे बेटावर किल्ला, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. पर्यटकांना चमत्कार वाटतो. १६६४ मध्ये बांधकाम सुरू करताना महाराजांच्या माणसांनी पाणी पाहूनच जागा निवडली असणार, कारण पाण्याशिवाय जलदुर्ग लढत नाही. बेटावर पडलेला पाऊस मुरतो आणि खाऱ्यावर तरंगत राहतो, तुम्ही वर लिहिलंय तेच. विहिरी उथळ आहेत आणि पोहऱ्याने हवं तेवढंच पाणी काढलं गेलं, म्हणून त्या साडेतीनशे वर्षं टिकल्या. उद्या तिथे मोटर लावून हॉटेलाला पाणी दिलं, तर किती दिवस टिकतील?

आता तशी हॉटेलं किनाऱ्यावर उभी राहतायत. तारकर्ली-देवबागला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथलं गोडं पाणी किती नाजूक असेल याचा विचार करा.


विरारचा रहिवासी

धागा वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. आम्ही इमारतीत राहतो. नळाला पाणी एक दिवसाआड, कधी तेही नाही. टँकर मागवतो कारण दुसरा इलाज नाही. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतून येतं हे आम्हाला कोणी सांगत नाही. पैसेही आम्हीच मोजतो. वाडीवाल्यांनी विहिरी विकल्या म्हणूनच टँकर भरतात ना?


वाडीकर

तुमचा राग समजतो, आणि दोष तुमच्या माथी मारायचा नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती, आज कितीतरी जास्त आहे. इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाण्याची योजना मागून आली. सूर्या, पेल्हार, उसगाव या धरणांचं पाणी पुरेसं पोहोचेपर्यंत मधली सगळी वर्षं हे शहर आमच्या विहिरींवर जगलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हाही पाणी हा मोठा मुद्दा होता. लोकांनी तेव्हा जे सांगितलं ते आज आमच्या हंड्यात दिसतंय.

विहिरी विकल्या हेही खरं आहे. आमच्याच लोकांनी विकल्या. मुलांची शिक्षणं, लग्नं, आजारपणं होती, आणि केळीच्या घडापेक्षा टँकरचा पैसा रोख आणि रोजचा होता. त्या माणसाला मी चोर म्हणणार नाही. पण विहीर त्याची असली तरी खालचं पाणी त्याच्या एकट्याचं नाही. तो दिवसभर मोटर चालवतो आणि मचूळ पाणी चार वाड्या पलीकडच्या म्हातारीच्या विहिरीत येतं. तिने काहीच विकलेलं नसतं. मला छळतं ते हे. तुमच्या इमारतीला विनंती एवढीच आहे की टँकरवाल्याला पाणी कुठून आणलं ते विचारा आणि किनाऱ्याकडचं नको म्हणून सांगा. एका सोसायटीने विचारलं तर काही होणार नाही, पन्नास सोसायट्यांनी विचारलं तर होईल.


विरारचा रहिवासी

सोसायटीच्या सभेत मांडतो. आमच्या गच्चीचं पावसाचं पाणी सरळ गटारात जातं, त्याचं काही करता येईल का?


पागोळी

नक्की येईल. हिशोब सोपा आहे. १०० चौरस मीटर गच्ची आणि हंगामात २००० मिलिमीटर पाऊस धरला, वीस टक्के वाया गेला असं मानलं, तरी १ लाख ६० हजार लिटर हाती लागतात. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्यायचं, मग वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत. रस्त्याचं किंवा पार्किंगचं पाणी विहिरीत अजिबात सोडायचं नाही, त्यात तेल आणि घाण असते. तमिळनाडूने २००३ मध्ये सगळ्या इमारतींना हे सक्तीचं केलं आणि चेन्नईत विहिरींची पातळी वर आल्याचा अनुभव लोकांनी घेतला.


भूजलअभ्यासक

पागोळीताईंच्या हिशोबाला एक पुरवणी. चेन्नई आणि कोकण यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे जुलैच्या मध्यापर्यंत जमीन तुडुंब भरलेली असते, विहिरीचं पाणी हाताला लागतं. त्यानंतर आणखी पाणी आत ढकललं तरी ते बाहेर वाहून जातं. कोकणात पाऊस कमी नाही, पाणी टिकत नाही ही अडचण आहे. जांभा सच्छिद्र, उतार समुद्राकडे, आणि वाळूतलं पाणी तर दोन-तीन महिन्यांत खाडीला मिळतं. खरी लढाई ऑक्टोबर ते मे या काळात असते.

म्हणून मला बावखळांचा मुद्दा पुनर्भरणाच्या खड्ड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. पाच गुंठ्यांचं, तीन मीटर खोल बावखळ म्हणजे सुमारे १५ लाख लिटर पाणी, आणि तेही पावसाळा संपल्यावर हळूहळू पाझरणारं. शिवाय शिंपणं त्या वरच्या पाण्यावर झालं की विहिरीतला उपसा तेवढा वाचतो. आणि बावखळ पुरालाही जागा देतं. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा दिवसचे दिवस पाण्यात होतं. ते पाणी पूर्वी जिथे थांबायचं त्या जागांवर भराव पडलाय. पावसाळ्यात पाणी तुंबणं आणि मे महिन्यात विहीर खारी होणं, या दोन्हींचं एक मोठं कारण हा भराव आहे.

ओढ्यांवर पावसाळा सरताना वनराई बंधारे (माती भरलेल्या पोत्यांचे तात्पुरते बांध) घालणं, फळ्या टाकणं, हेही त्याच कारणासाठी. भरतीचं पाणी आत येणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी दार असलेला बंधारा हवा. गोव्यातल्या खाजन शेतीत मानस नावाची दारं हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. भरती आली की आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात.


नेदरलँड्समधून

ॲमस्टरडॅमजवळ राहतो. या शहराला १८५३ पासून किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांमधलं पाणी येतं. शहर वाढलं तसा उपसा वाढला आणि खालून खारं पाणी वर यायला लागलं, अगदी वसईसारखं. १९५७ पासून त्यांनी ऱ्हाइन नदीचं पाणी आधी शुद्ध करून त्या टेकड्यांत सोडायला सुरुवात केली. वाळूतून मुरून आलेलं तेच पाणी पुन्हा काढतात. त्या टेकड्यांवर बांधकाम नाही, लोक फक्त चालायला जातात. आपल्याकडे मात्र किनाऱ्याची वाळू ट्रकने नेली जाते. वाळू गेली म्हणजे गोडं पाणी साठवायची जागाच गेली.


डॉक्टरीणबाई

आरोग्याबद्दल थोडक्यात. मचूळ पाणी रोज पिणाऱ्याच्या पोटात मिठाचा वाटा नकळत वाढतो. रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार आणि गरोदरपण असलेल्यांनी ते टाळावं. बांगलादेशात खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात खारं पाणी पिणाऱ्या गरोदर बायकांत रक्तदाबाचा त्रास जास्त आढळला आहे. पाणी उकळून मीठ जात नाही, उलट थोडं दाट होतं. हे मी दवाखान्यात रोज सांगते. आरओने मीठ निघतं, पण घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध करताना बहुधा त्याहून जास्त पाणी फेकतं, आणि ते फेकलेलं पाणी आणखी खारट असतं. ते वाडीत किंवा विहिरीजवळ सोडू नका. पिण्यापुरता आरओ ठीक आहे, पण त्याने विहीर सुधारत नाही.


कायदेशीर

दोन गोष्टी माहीत असाव्यात. २०११ च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला मनाई होती, स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापरापुरता अपवाद. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून, हाताने, पिणं-शेती-मासेमारीसाठी, तेही दुसरा स्रोत नसेल तर, मुभा होती. त्या अधिसूचनेच्या जागी २०१९ मध्ये नवी आली. दुसरं, महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. शेजारचं २०० फुटांचं बोअर म्हणजे जवळपास तीच मर्यादा. ग्रामसभा असेल तिथे ठराव करा, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला लेखी पत्र देऊन पाहणी मागा. तोंडी तक्रारीचा उपयोग नाही.


वाडीकर

सगळ्यांचे आभार. शेजाऱ्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी बोअर तूर्त थांबवलंय, रद्द केलेलं नाही. त्यांचा प्रश्न रास्त आहे की मग मे महिन्यात केळीला पाणी कुठून घालू? त्यांच्या वाडीच्या टोकाला अर्धवट बुजलेलं बावखळ आहे. मालकी तिघांची. तिघांनाही बोलावलंय. गाळ-भराव काढायला मशीन लावायचं तर पावसाच्या आधीच लावावं लागेल.

आमच्या विहिरीत मी फुटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपाच्या तळाची झडप) वर उचलून घेतला आहे, म्हणजे तळाचं पाणी ओढलं जात नाही. मोटर एकदम तास-तास न चालवता थोडी थोडी चालवतो, मध्ये विहिरीला भरायला वेळ देतो. केळीला ठिबक आणि बुंध्याला पाल्याचं आच्छादन घातलंय.

आता आकडे जमवू. किनाऱ्यापासून पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी प्रत्येक अमावस्येला, मोटर सुरू करायच्या आधी सकाळी, तीन गोष्टी टिपून इथे टाकाव्यात. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने. वरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. आणि तळाच्या पाण्याचा टीडीएस, त्यासाठी दगड बांधलेली बाटली बुच लावून तळाशी सोडायची आणि दुसऱ्या दोरीने बुच ओढायचं. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, नसेल त्यांनी बाटली आमच्याकडे पाठवावी. रसायनमास्तर, वर्षातून दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये, तुमच्या शाळेत क्लोराइड तपासून द्याल का?


रसायनमास्तर

देतो. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर गावाचं नाव, तारीख आणि भरती होती की ओहोटी हे लिहा. मुलांना कामाला लावतो.